रोहिणीकाठ ते जॉर्डनकाठ : तहाच्या टेबलावर कोण बसते?

लोणंद म्हटले की लोकांना कांद्याची पेठ आठवते, माउलींच्या पालखीचा मुक्काम आठवतो, फार तर लोणंदी मेंढी आठवते. इस्रायल आणि पॅलेस्टाईन यांचे नाव या गावाबरोबर कोणी घेईल, असे कालपर्यंत वाटले नव्हते. पण २०२४ सालापासून लोणंद, नीरा, शिरवळ या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांमधून एक प्रश्न हमखास विचारला जाऊ लागला. सेंट्रिंगचे काम करणारा, सळई बांधणारा, गिलावा करणारा, फरशी बसवणारा तरुण आई-वडिलांना विचारू लागला, "इस्रायलला जाऊ का? महिना लाखाच्या वर मिळतात म्हणे."

आई म्हणते, तिथे बॉम्ब पडतात. बाप म्हणतो, इथे तरी रोज काम कुठे मिळते? बायको काहीच बोलत नाही. डाग गहाण टाकावे लागतील का, एवढाच विचार तिच्या मनात असतो. म्हणून जेरुसलेमची शांतता हा केवळ दिल्ली आणि वॉशिंग्टनच्या साहेबलोकांचा विषय राहिलेला नाही. तो आपल्या चुलीपर्यंत आला आहे. या प्रश्नाकडे आपण फुले-आंबेडकरी विचारांच्या माणसांनी कसे पाहावे, हे सांगण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

भारताची भूमिका आणि आपल्या मातीतला मंत्री

पहिल्या महायुद्धानंतर पॅलेस्टाईन ब्रिटिशांच्या ताब्यात आले. युरोपात ज्यूंचा छळ शतकानुशतके चालू होता. हिटलरने तर सुमारे साठ लाख ज्यूंची कत्तल केली. जगात आपल्याला हक्काची एकही जागा नाही, ही ज्यूंची वेदना खरी होती. पण जी भूमी त्यांना हवी होती तेथे अरब शेतकरी पिढ्यान् पिढ्या राहत होते. त्यांचीही वेदना तितकीच खरी होती.

१९४७ साली संयुक्त राष्ट्रांनी या प्रश्नावर अकरा देशांची समिती नेमली. तीत भारत होता. बहुमताने फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी एकच संघराज्य करा, असे म्हटले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेत फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. विरोधी तेरांत भारत होता. पुढच्या वर्षी इस्रायल जन्मले, युद्ध झाले आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले.

भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली, पण दूतावास उघडू दिला नाही. १९५३ पासून मुंबईत फक्त त्यांची वकिलात होती. पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते २९ जानेवारी १९९२ रोजी. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे या देशाशी भारताचा जो काही अधिकृत व्यवहार होता, त्याचे दार महाराष्ट्राच्या राजधानीतच होते.

आता सातारा-सांगलीकरांसाठी एक गोष्ट. देवराष्ट्रे हे आज सांगली जिल्ह्यात असलेले गाव पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. तेथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण १९७४ ते १९७७ या काळात भारताचे परराष्ट्रमंत्री होते. १९७४ साली भारताने पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला, म्हणजे पीएलओला, पॅलेस्टिनी जनतेचा एकमेव खरा प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. अरब नसलेल्या देशांत असे करणारा भारत पहिला. १९७५ साली दिल्लीत पीएलओचे कार्यालयही उघडले. पुढे १९८८ साली भारताने पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली.

"एकमेव खरा प्रतिनिधी" या तीन शब्दांत काय आहे, हे आपल्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ते कसे, ते पुढे पाहू.

मराठी बोलणारे ज्यू

इस्रायलमध्ये मराठी बोलणारी माणसे आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. कोकणात, अलिबागच्या आसपास, शेकडो वर्षे ज्यू राहत होते. तेल गाळण्याचा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आपल्यासारखीच गावावरून आडनावे. भारतात त्यांचा धर्मावरून कधी छळ झाला नाही. १९४८ नंतर त्यांच्यातले हजारो लोक इस्रायलला गेले.

धर्मबांधवांच्या देशात त्यांचे स्वागत कसे झाले? आरंभीच्या काळात हलकी कामे आणि काळ्या कातडीवरून टोमणे वाट्याला आले. १९५१ साली काहींनी सत्याग्रह करून "आम्हाला परत भारतात पाठवा" अशी मागणी केली आणि काही कुटुंबे १९५२ साली खरोखर परतली. पुढे १९६२ साली तेथील धर्मपीठाने फर्मान काढले की बेने इस्रायल स्त्री-पुरुषाचे लग्न इतर ज्यूशी लावताना त्याच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. हे खरे ज्यू आहेत की नाहीत, अशी शंका! वर सांगणार, आपण सारे एक. लग्नाची वेळ आली की मात्र वंशावळ काढणार. वाचकहो, हा अनुभव ओळखीचा वाटतो ना?

बेने इस्रायल गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. बायका-मुलांसह रस्त्यावर बसले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व बाबतीत पूर्ण ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली.

आपल्या पुणे-मिरज रेल्वेमार्गावरच्या मसूर स्टेशनात १९०१ साली लहानग्या भीमरावाला जात कळताच गाडीवान मिळेना, ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. हीच लाईन लोणंदवरून जाते. छळ सोसलेला समाज सत्ता मिळाल्यावर आपोआप न्यायी होतो असे नाही, हे बेने इस्रायलांची कथा सांगते. आणि छळ झालेल्याने संघटित होऊन हक्क मागितला तर तो मिळतो, हेही तीच कथा सांगते.

वाटाघाटी आपल्याला नव्या नाहीत

परराष्ट्रनीती, मुत्सद्देगिरी हे शब्द ऐकले की आपली माणसे म्हणतात, हे मोठ्यांचे काम. आम्ही म्हणतो, वाटाघाटी म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन जाऊन बसले. अस्पृश्यांचा प्रतिनिधी जगाच्या टेबलावर प्रथमच स्वतःच्या नावाने बोलला. १९३१ च्या दुसऱ्या परिषदेत वाद पेटला तो मुख्यतः याच मुद्द्यावर. गांधीजींचा दावा होता की अस्पृश्यांचा प्रतिनिधी मीच. बाबासाहेब म्हणाले, आमचे आम्ही बोलू.

आता पॅलेस्टिनींकडे पाहा. १९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, गाझा आणि पूर्व जेरुसलेम जिंकले. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने २४२ क्रमांकाचा ठराव केला. पुढच्या साऱ्या तहांचा तो पाया. त्या ठरावात पॅलेस्टिनी जनतेचे नावच नाही. फक्त निर्वासितांचा प्रश्न सोडवावा असे आहे. म्हणजे लोक नाहीत, एक अडचण आहे! १९७८ साली कॅम्प डेव्हिडला इजिप्त आणि इस्रायल यांच्यात समझोता झाला, तेव्हाही पॅलेस्टिनींच्या स्वायत्ततेबद्दल इतरांनीच लिहिले. १९९१ च्या ऑक्टोबर अखेरीस माद्रिदला परिषद भरली, तेव्हा पॅलेस्टिनींना स्वतंत्र शिष्टमंडळ नाही; जॉर्डनच्या शिष्टमंडळात बसावे लागले. पीएलओला तर बोलावणेच नव्हते.

१९७४ साली भारताने दिलेल्या मान्यतेचे मोल येथे कळते. "यांचे हे बोलतील" असे ती मान्यता सांगत होती. गोलमेज परिषदेतला आपला आग्रह यापेक्षा वेगळा नव्हता.

ओस्लो : एका छपराखालचे जेवण

१९९३ साली नॉर्वे या लहानशा देशाने एक काम केले. माद्रिदनंतरच्या उघड बोलण्यांत कॅमेऱ्यांसमोर भाषणेच होत होती. नॉर्वेतील संशोधक तेर्ये रोद-लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारीपासून इस्रायली प्राध्यापक आणि पीएलओचे अहमद कुरेई यांना गुपचूप एकत्र आणले. एकाच घरात उतरायचे, एकाच टेबलावर जेवायचे, एकाच शेकोटीभोवती बसायचे. परस्परांचा चेहरा न पाहिलेल्या माणसांनी एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि मग नकाशे उघडले. एका ताटात जेवण्याला किती अर्थ असतो, हे चवदार तळ्याच्या लेकरांना सांगायला नको.

१३ सप्टेंबर १९९३ रोजी वॉशिंग्टनला करार झाला. इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पीएलओचे यासर अराफत यांनी हात मिळवले. पुढच्या वर्षी राबिन, पेरेस आणि अराफत यांना शांततेचे नोबेल मिळाले. जग आनंदले.

पण करारातली गोम पाहा. त्याआधी चार दिवस दोघांनी एकमेकांना पत्रे लिहिली. अराफत यांनी इस्रायल या राष्ट्राचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला. बदल्यात राबिन यांनी पीएलओला पॅलेस्टिनींचा प्रतिनिधी मानले. पॅलेस्टाईन राष्ट्र मानले नाही. जेरुसलेम कोणाचे, निर्वासितांनी परतायचे की नाही, इस्रायली वसाहती राहणार की जाणार, सीमा कोठे, पाणी कोणाला, हे सारे कळीचे प्रश्न पाच वर्षांत नंतर बघू म्हणून पुढे ढकलले.

पुढे ढकललेले प्रश्न जागच्या जागी राहत नाहीत. १९९३ साली वेस्ट बँकेत, पूर्व जेरुसलेम सोडून, इस्रायली वसाहतवाले लाखभराच्या आसपास होते. आता ते पाच लाखांच्या घरात गेले आहेत. बोलणी चालू आणि जमीन सरकत चाललेली! दुसरीकडे तहाचे शत्रू दोन्ही बाजूंना होते. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू माथेफिरूने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. हमासने बसगाड्यांत आत्मघाती स्फोट करून निरपराध प्रवासी मारले. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी तहाची सभा आटोपून निघालेल्या राबिन यांचा खून झाला; खुनी ज्यूच होता. २००० सालची कॅम्प डेव्हिडची बोलणी फसली आणि पुन्हा रक्त वाहू लागले.

२४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार आपण विसरलेलो नाही. एका पारड्यात महात्म्याचा प्राण आणि दुसऱ्यात आपले स्वतंत्र मतदारसंघ, अशा दडपणाखाली झालेल्या सहीचे परिणाम आपण आजवर भोगतो. जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण निवडून कोणी द्यायचे ते दुसऱ्यांच्या हातात गेले. असमान पक्षांत तह होतो तेव्हा दुबळ्याला आकडा मिळतो आणि बलवानाला किल्ली. म्हणून बाबासाहेब नंतर करारावर विसंबून राहिले नाहीत. त्यांनी हक्क घटनेत लिहिले आणि त्या हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट कलम ३२ ने उघडली. ओस्लोला असे कलम ३२ नव्हते. करार मोडला तर दाद कोठे मागायची, याचे उत्तर त्यात नव्हते.

रोहिणीचे पाणी

वर्षावासात विहाराविहारांतून "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाचे वाचन होते. सिद्धार्थाने घर का सोडले, याचे जे कारण बाबासाहेबांनी त्यात मांडले ते या प्रश्नाशी थेट भिडते. म्हातारा, रोगी, प्रेत पाहिले म्हणून नव्हे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटले. शाक्य संघाच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला आणि दुसरा ठराव ठेवला : आपण दोन माणसे निवडावी, कोलियांनी दोन निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा, आणि त्या पाच जणांनी निवाडा करावा.

किती साधी गोष्ट! पण तीत चारही गोष्टी आहेत. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी सारखे. ज्याचे त्याने निवडलेले. मध्यस्थ दोघांनाही मान्य. आणि निवाडा आता, नंतर नाही. ओस्लोत यांतली एक तरी पुरती होती काय?

सिद्धार्थाचा ठराव बहुमताने पडला. कुटुंबावर बहिष्कार आणि शेतीच्या जप्तीची धमकी आली, तेव्हा त्याने परिव्रज्या पत्करली. पण गोष्ट येथे संपत नाही. तो गेल्यावर लोकांनीच युद्धाविरुद्ध आवाज उठवला आणि अखेर शाक्य-कोलियांत समझोता झाला. एका माणसाने बहुमतापुढे मान न तुकवल्याचे फळ उशिरा का होईना, आले.

पाण्याचे भांडण लोणंदकरांना अपरिचित नाही. आपली नीरा ही सातारा आणि पुणे जिल्ह्यांची हद्द. वीर धरणाचा डावा कालवा बारामती-इंदापूरकडे जातो, उजवा फलटण-माळशिरसकडे. कोणत्या कालव्याला किती पाणी, यावरून किती सभा गाजल्या! पण आपल्याकडे विधानसभा आहे, न्यायालय आहे, वर्तमानपत्र आहे. म्हणून भांडण सभेत राहिले. जॉर्डन नदीच्या पाण्यावरून १९६४-६५ साली इस्रायल आणि शेजाऱ्यांत गोळ्या सुटल्या. पाणी तेच; फरक दाद मागण्याच्या जागेचा आहे.

२०२३ नंतर

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे बाराशे माणसे मारली आणि अडीचशेजणांना ओलीस नेले. हे कृत्य अमानुष होते. दुसरा शब्द नाही. त्यानंतर दोन वर्षे गाझावर जो वर्षाव झाला, त्यात तेथील आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे साठ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत बायका-मुले फार. त्यालाही दुसरा शब्द नाही. एका आईच्या दुःखाने दुसऱ्या आईचे दुःख फिटत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिका, इजिप्त, कतार, तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी झाली आणि जिवंत असलेले अखेरचे वीस ओलीस घरी परतले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनी पॅलेस्टाईन राष्ट्राला मान्यता दिली; भारताने जे १९८८ साली केले ते त्यांनी ३७ वर्षांनी केले. दोन राष्ट्रांच्या तोडग्याला पाठिंबा देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांतील ठरावाला १२ सप्टेंबर २०२५ रोजी १४२ देशांनी मत दिले. त्यांत भारतही होता. पण मते पडली म्हणजे शांतता आली असे नव्हे. सिद्धार्थाच्या ठरावातल्या चार गोष्टी जोवर जमत नाहीत तोवर शस्त्रसंधी ही केवळ विश्रांती.

मुलाला पाठवायचे की नाही?

आता मूळ प्रश्न. युद्धापूर्वी इस्रायलच्या इमारतींवर हजारो पॅलेस्टिनी मजूर रोज राबत होते. युद्ध सुरू होताच त्यांचे परवाने बंद झाले आणि कामे अडली. ती जागा भरायला भारतातून मजूर नेण्याचे दोन सरकारांत ठरले. पहिली भरती २०२४ च्या आरंभी उत्तर प्रदेश, हरियाणा वगैरे राज्यांत झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या फेरीसाठी महाराष्ट्राची निवड झाली. मागणी होती सेंट्रिंग, सळई, गिलावा आणि फरशी या कामांचे दहा हजार कारागीर, आणि आजारी-वृद्धांची सेवा करणारे पाच हजार. पगार सव्वा लाखाहून अधिक.

ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी नाही त्याला "जाऊ नको" असे आरामखुर्चीत बसून सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण डोळे उघडे ठेवून निर्णय घ्यावा, एवढे सांगण्याचा आहे.

पहिले म्हणजे, भरती सरकारी मार्गाने, राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत झाली होती. गल्लीतला कोणी एजंट "सीट पक्की" म्हणून रोख मागत असेल तर त्याच्याकडे पाठ फिरवा. खाजगी एजंट असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट नोंदणीत त्याचे नाव आहे का, ते शिकलेल्या मुलाकडून पाहून घ्या. दुसरे, कराराचा कागद आपल्या भाषेत समजून घ्या : कापून हातात किती, राहण्याचे पैसे कोणाचे, जखमी झाल्यास विमा किती, मालक बदलता येतो का. तिसरे, जे काम येत नाही ते येते म्हणून सांगू नका. पहिल्या फेरीतल्या काहींचे कौशल्य कमी पडले आणि त्यांना भलत्याच कामावर हलवले गेले. चौथे, धोका खरा आहे. मार्च २०२४ मध्ये लेबनॉन सीमेजवळच्या शेतात क्षेपणास्त्र पडून केरळचा एक कामगार ठार झाला. पाचवे, आणि हे भगिनींसाठी : पासपोर्ट, करार, विमा यांच्या प्रती घरी ठेवा आणि बँकेत खाते आपल्याही नावावर असू द्या.

आणखी एक गोष्ट मनात असावी. ज्या शिडीवर आपला मुलगा चढेल, तिच्यावरून एक पॅलेस्टिनी मजूर खाली उतरवला गेला आहे. त्याच्याही घरी आई आहे, चूल आहे. भारतातल्या मोठ्या कामगार संघटनांनी २०२३ साली या भरतीला विरोध केला तो यासाठीच. जातीव्यवस्था श्रमिकांना श्रमिकांपासून तोडते, असे बाबासाहेबांनी बजावले. धर्म आणि पासपोर्ट हेही तेच करू शकतात. आपला मुलगा गेला तर कमावण्यासाठी जावा, कोणाचा वैरी म्हणून नव्हे. त्या मजुराची रोजी परत मिळावी, असे म्हणण्याइतके मन त्याने शाबूत ठेवावे.

लोणंद परिसरातल्या मंडळांना आमची एक सूचना आहे. येत्या वर्षावासात रोहिणीच्या वादाचे प्रकरण वाचाल तेव्हा एक संध्याकाळ या प्रश्नाला द्या. परदेशी जाऊ पाहणारी मुले, त्यांच्या आया आणि बायका यांना पुढे बसवा. कराराचे कागद मधोमध ठेवा आणि मोठ्याने वाचा. ज्याच्या आयुष्याचा निर्णय आहे त्याने स्वतः बोलावे, हाच गोलमेज परिषदेचा धडा आहे. तो लंडनइतकाच आपल्या विहाराच्या सतरंजीवरही लागू आहे.

जयभीम!